1 मेच्या ग्रामसभेआधी उत्तर द्या

चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे. सातारा जिल्ह्यातल्या या पठारांवरच्या जुन्या पवनचक्क्या उतरवून तिथं नव्या, मोठ्या चक्क्या उभ्या करायचा बेत ज्यांच्या टेबलावर आहे, त्या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. पात्यांची ऑर्डर काढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: तुमचं पातं रडारला कसं दिसणार आहे? उत्तर लेखी हवं, आणि 1 मेच्या ग्रामसभेआधी हवं. मिळालं नाही तर त्या सभेत नाहरकत दाखल्यासाठी हात वर होणार नाहीत.

आम्ही कोण, असं विचाराल. मी बोम्मसंद्र्यात राहतो. बंगळूरच्या दक्षिण टोकाला, होसूर रोडवर, जिथं आता मेट्रोची यलो लाइन येऊन संपते तिथं. बावीस वर्षं फायबरच्या कामात आहे. गाव पाटण तालुक्यात, पठाराच्या खाली. गावची आणि आजूबाजूची बरीच पोरं इकडं बोम्मसंद्रा, जिगणी, इलेक्ट्रॉनिक सिटी अशा पट्ट्यात कामाला आहेत. रविवारी एकत्र बसतो. मतदान गावात, पगार कर्नाटकात, आणि जुलै महिन्यात पाऊस लागला की सगळ्यांचा जीव मोबाइलवरच्या रडारच्या चित्रात.

आधीच सांगून टाकतो, मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. माझं पोट काचेच्या कापडावर आणि रेझिनवर चाललं आहे. मार्च 2025 अखेर देशात पवनऊर्जेची क्षमता 50 गिगावॅटवर गेली याचा मला आनंदच झाला. म्हणून तर हे बोलायचा मला जास्त हक्क आहे. पातं आतून कसं असतं ते मी हातानं पाहिलं आहे.

पात्याचा एक कापलेला तुकडा माझ्या शेडमध्ये खिडकीशी पडलेला असतो. नवीन पोरगं कामाला आलं की आधी तो त्याच्या हातात देतो. बाहेरून गेलकोट, गुळगुळीत, पांढरा. त्याखाली काचेच्या कापडाचे थर, मध्ये बाल्सा लाकूड किंवा पीव्हीसी फोम, पुन्हा काचेचं कापड. मोठ्या पात्यांच्या कण्याला कार्बन फायबर. आणि आतून, टोकापासून बुडापर्यंत, वीज पडली तर ती जमिनीत नेणारी जाड तार. पोरगं म्हणतं, "सर, हे तर होडीसारखंच आहे." बरोबर आहे त्याचं. फक्त ही होडी सत्तर मीटरची असते आणि तिचं टोक ताशी 280-290 किलोमीटरनं हवा कापत असतं.

घोटाळा त्या टोकाच्या वेगात आहे. रडार लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरी ऐकतं. डोंगर, इमारत, टॉवर यांच्यावरूनही लहरी परततात, पण या वस्तू जागच्या हलत नाहीत. डॉप्लर रडारला वेग कळतो, म्हणून ज्याचा वेग शून्य ते सगळं गाळून टाकता येतं. पवनचक्कीचा खांबही त्या चाळणीत बऱ्यापैकी अडकतो. पातं अडकत नाही. ते फिरतं. त्याचं बूड सावकाश आणि टोक भरधाव जात असतं, एक पातं रडारकडे येतं तेव्हा दुसरं लांब जात असतं. 10 सेंटीमीटरची लहर आणि सेकंदाला 1000 स्पंदनं असा हिशेब धरला तर रडारला सेकंदाला 25 मीटरपर्यंतचाच वेग सरळ वाचता येतो. पात्याचं टोक 80 मीटरनं धावतं. म्हणजे तो वेग घडी पडत पडत सगळ्या पट्टीवर पसरतो, आणि नेमक्या त्याच पट्टीवर रडार पाऊस आणि वारा वाचत असतं. त्यातून चक्कीचं तोंड वाऱ्याबरोबर वळतं, त्यामुळे आजचं चित्र उद्याला लागू पडत नाही.

पडद्यावर मग काय दिसतं? निरभ्र आकाशात एकाच जागी ठाण मांडून बसलेला पाऊस. त्याच्या मागं, रडारपासून दूर जाणारी एक शेपटी, कारण लहरी एका चक्कीवरून दुसरीवर आपटत उशिरा परततात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टेग्यूच्या हवामान रडारला शेजारचं मेपल रिज पवनक्षेत्र असंच दिसत आलं आहे. कोरड्या दिवशी हे चित्र पाहून हसू येतं. खऱ्या पावसाच्या रात्री तो डाग कुठला आणि ढगफुटी कुठली, हे सांगायला माणूस जागा आणि अनुभवी लागतो.

विमानांच्या रडारची अडचण वेगळी आणि तितकीच वाईट. तिथं खोटे ठिपके उमटतात. ते ठिपके टाळायला यंत्रणा स्वतःची संवेदनशीलता कमी करते आणि खरं विमान चक्क्यांच्या डोक्यावरून जाताना पडद्यावरून नाहीसं होतं. अमेरिकेत ओरेगॉनच्या शेफर्ड्स फ्लॅट या 845 मेगावॅटच्या प्रकल्पाला 2010 साली हवाई दलाच्या रडारमुळे ऐन वेळी अडवलं गेलं होतं, आणि मग धावाधाव करून तोडगा काढावा लागला. स्वीडननं 4 नोव्हेंबर 2024 रोजी बाल्टिक समुद्रातले 13 पवनप्रकल्प एका झटक्यात नाकारले. संरक्षणमंत्र्यांनी कारण सांगितलं, क्षेपणास्त्राची सूचना दोन मिनिटांऐवजी एका मिनिटावर येईल. ही गंमत नव्हे. कोट्यवधींचे प्रकल्प कागदावरच संपले, कारण रडारचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा होता तो शेवटी विचारला गेला.

आता आपल्या पठाराकडं येतो.

वनकुसवडे, चाळकेवाडीच्या जुन्या चक्क्या लहान आहेत. त्या काळची 350 किलोवॅटची मशीन, पात्यांचं वर्तुळ 33 मीटरच्या आसपास. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं जुन्या पवनचक्क्या बदलण्याचं धोरण काढलं, त्यात 2 मेगावॅटपेक्षा लहान मशीन येतात. म्हणजे आपलं पठार थेट त्या यादीत. हल्ली देशात उभं राहणारं तीनेक मेगावॅटचं मशीन घ्या: वर्तुळ 144 मीटर, मधला तुंबा 140 मीटर उंचीवर, पात्याचं टोक जमिनीपासून 212 मीटरवर. वर्तुळाचं क्षेत्रफळ जुन्याच्या अठरा पटींहून जास्त. चक्क्यांची संख्या कमी होईल हे खरं, आणि ते तुम्ही सादरीकरणात पहिल्या पानावर दाखवाल. रडार चक्क्या मोजत नाही. आकाशात किती मोठं काय हलतंय आणि किती उंचावर हलतंय, तेवढंच त्याला कळतं. आज जे डोंगराच्या कडेआड लपलं आहे ते उद्या कडेच्या वर डोकं काढणार.

जागतिक हवामान संघटनेची मार्गदर्शक अंतरं ठरलेली आहेत. रडारपासून 5 किलोमीटरच्या आत पवनचक्की नकोच. 5 ते 20 मध्ये परिणाम मध्यम, आधी तपासणी करा. 20 ते 45 मध्ये कमी, पण कळवा. 45 च्या पुढं साधारण काही दिसत नाही, मात्र हवेची स्थिती तशी असेल तर दिसू शकतं. आता कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवेल. पुण्याच्या आयआयटीएमनं, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं, पश्चिम घाटातल्या ढगांचा अभ्यास करायला एक्स-बँड रडार ठेवलं ते मांढरदेवच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटरवर. चाळकेवाडीपासून सरळ रेषेत ते पन्नासेक किलोमीटर. "बघा, 45 च्या बाहेर!" असं म्हणून कुणी फाइल मिटवू नये. कोष्टकातली अंतरं सर्वसाधारण जमिनीसाठी असतात. डोंगरावरून डोंगरावर पाहताना मधली दरी आड येत नाही. सह्याद्रीत कोष्टक चालत नाही, प्रत्येक खांबाची दृष्टिरेषा काढावी लागते.

आणि आजची रडार धरून हिशेब करू नका. 'मिशन मौसम'ला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, दोन वर्षांसाठी 2000 कोटी, आणि त्यात रडारची संख्या वाढवणं हे मुख्य काम आहे. तुमची चक्की पंचवीस वर्षं तिथं उभी राहणार. त्या पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरांत नवं रडार येणारच नाही, असं लिहून द्यायला तुमच्यातलं कोण तयार आहे?

रडारचं मोल पाटण तालुक्याला शिकवायला नको. 22 आणि 23 जुलै 2021. महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. त्या दिवशीच्या दुर्घटनेचा दोष मी कुठल्याही पात्याला देत नाही, तसा अर्थ कुणी काढू नये. माझं म्हणणं एवढंच की अशा रात्री या डोंगरांवर पुढच्या दोन तासांत काय कोसळणार हे सांगू शकणारं हत्यार एकच आहे, आणि ते रडार आहे. त्या हत्याराच्या डोळ्यात माती टाकायची परवानगी आमच्या गावाकडून मिळणार नाही.

"मग यावर उपाय काय, चक्क्या लावायच्याच नाहीत?" हा प्रश्न मला मीटिंगमध्ये दर वेळी ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. उत्तर आहे. पात्याच्या आतच ते बसवता येतं. काचेच्या कापडावर कार्बनची शाई छापायची, ते कापड गेलकोटखालच्या थरांत ठेवायचं, आणि त्याच्यामागं ठराविक अंतरावर लहर परतवणारा दुसरा थर. पहिल्या थरावरून थोडी लहर परतते, उरलेली आत जाऊन दुसऱ्यावरून परतते. अंतर लहरीच्या एक चतुर्थांश ठेवलं की दोघींची गाठ पडते तेव्हा एकीची उंच बाजू दुसरीच्या खोल बाजूवर बसते आणि दोघी विझतात. 3 गिगाहर्ट्झला हवेत हे अंतर अडीच सेंटीमीटर. काचेच्या थरांतून जाताना लहर आखडते, म्हणून सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. पात्यातल्या थरांची जाडी तशीही एवढी असते. म्हणून वजन फारसं वाढत नाही आणि साचाही तोच राहतो.

मी हे हातानं करून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक नमुना करून घ्यायला आमच्याकडे आलं होतं. नाव लिहीत नाही. मीटरभर लांबीरुंदीची पाटी करायची होती. काळं कापड टेबलावर पसरलं की त्यावर दोन तांब्याच्या पट्ट्या टेकवून मल्टिमीटर लावायचा. कोरड्या कापडावर हवा तो ओहमचा आकडा यायचा. रेझिन ओढलं, व्हॅक्यूम बॅग काढली, पील प्लाय सोलला, की आकडा बदललेला. पहिल्या चार पाट्या भंगारात गेल्या. पाचव्या वेळी आमच्या एका मिस्त्रीनं रेझिन आत घ्यायचा वेग कमी केला, हार्डनर बदललं, आणि आकडा जागेवर बसला. त्या संध्याकाळी शेडमध्ये सगळ्यांना मिसळ मागवली होती. बंगळूरची मिसळ, म्हणजे नावालाच मिसळ, पण खाल्ली आनंदानं. महिन्याभरानं गिऱ्हाइकाचं पत्र आलं: सध्या या प्रकाराची आवश्यकता नाही, कारण कुठल्याही खरेदी-अटीत तो मागितलेला नाही.

त्या एका वाक्यात सगळं दुखणं आहे. कुणी मागत नाही म्हणून कुणी करत नाही.

जगात ते झालेलं आहे. वेस्टास आणि ब्रिटनमधल्या क्विनेटिक यांनी 2009 मध्ये इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये असं पातं प्रत्यक्ष चक्कीवर चढवून तपासलं. फ्रान्सच्या दक्षिणेला पर्पिन्यांजवळ हवामान रडारमुळे अडलेला 96 मेगावॅटचा प्रकल्प 2016 साली उभा राहिला, 35 चक्क्यांचा, तो अशाच लहर शोषणाऱ्या पात्यांच्या जोरावर. त्याच्याही मर्यादा आहेत आणि त्या लपवायचं कारण नाही. शोषणारा थर लहरींच्या एका पट्ट्यापुरता, म्हणजे एका बँडपुरता चालतो, एस-बँडसाठी केलेला एक्स-बँडला तसाच चालेल असं नाही. विजेच्या तारेजवळ कार्बन आणला तर वीज उडी मारून त्यात शिरते आणि पातं फुटतं, म्हणून मांडणी नीट करावी लागते. लोखंडी खांबाला हे औषध लागू नाही, त्याचा आकारच बदलावा लागतो. पण 20 डेसिबलची घट म्हणजे परतणारी शक्ती शंभरावा हिस्सा. एवढं झालं तरी रडारच्या सॉफ्टवेअरला उरलेलं निस्तरता येतं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? हे बंगळूर शहरच बघा. जालहळ्ळीला बेल, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स आहे, इस्रोच्या तंत्रज्ञानावर हवामान खात्यासाठी डॉप्लर रडार बांधणारी. सी. व्ही. रामन नगरला डीआरडीओची एलआरडीई, जिचं कामच रडार. एनएएलमध्ये रडारवर बसवायचे घुमट फायबरचे होतात, म्हणजे लहर फायबरमधून कशी जाते हे तिथल्या लोकांना पाठ आहे. तुमकूर रोडला दाबसपेटमध्ये पवनचक्कीची पाती ओतली गेली आहेत. आणि आमच्यासारख्या फायबरच्या शेड बोम्मसंद्रा, जिगणीत पायलीला पन्नास. डोळा बनवणारे आणि डोळ्यात जाणारं कुसळ बनवणारे एका मेट्रो-बसच्या अंतरावर आहेत, तरी हा विषय कुणाच्या खरेदी-अटीत येत नाही. ज्ञान नाही असं म्हणायची सोय या शहराला नाही.

तेव्हा काय हवं ते नीट ऐका.

प्रत्येक नव्या खांबाचं ठिकाण, जमिनीची उंची, पात्याच्या टोकाची उंची, आणि अस्तित्वातल्या व जाहीर झालेल्या प्रत्येक हवामान रडारपासूनचं अंतर व दृष्टिरेषा, हा तक्ता मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि हवामान खात्याच्या मुंबई कार्यालयाला व आयआयटीएमला त्याची प्रत द्या. रस्त्यापासून किती, घरापासून 500 मीटर, हे आकडे केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत आहेतच. रडारपासूनचं अंतरही तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहा. जे खांब दृष्टिरेषेत येतील त्यांच्या पात्यांसाठी निविदेत लहर शोषणाऱ्या पात्याचा दर मागवा. घ्या किंवा नका घेऊ ते नंतर बोलू, दर मागवला हे तरी दाखवा. "महाग पडतं" हे उत्तर दर न मागवता देणाऱ्याला सभेत बसू देणार नाही.

आणि एक अट तुम्हाला झोंबणार आहे. रेड अलर्टच्या वेळी हवामान खात्यानं सांगितलं तर दृष्टिरेषेतल्या चक्क्या तेवढा वेळ थांबवण्याचा लेखी करार हवा. थांबलेलं पातं खांबासारखंच, ते चाळणीत अडकतं. फिरत्या चक्कीचे फेरे आणि तोंड कुठं आहे याची माहिती तुमच्या कंट्रोल रूममध्ये क्षणाक्षणाला असतेच, तीही खात्याला जोडून द्या. मला माहीत आहे, वर्षाची बहुतेक वीज तुम्हाला पावसाळ्यातच मिळते. जेव्हा वारा तेव्हाच पाऊस, म्हणून जेव्हा कमाई तेव्हाच धोका. काही तासांची ती कमाई सोडायची तुमची तयारी आहे की नाही, हेच आम्हाला पाहायचं आहे.

नाहरकत दाखल्याला कायद्यात वजन किती यावर तुमचे वकील बोट ठेवतील. ठेवू द्या. सत्तर मीटरचं पातं ठोसेघरच्या वळणांवरून हवेतून येत नाही. रस्ता रुंद करायला, झाड तोडायला, कोपरा छाटायला, ट्रेलर रात्रभर उभा करायला गावाकडेच यावं लागतं. त्या प्रत्येक कागदावर आमचा एकच प्रश्न लिहिलेला सापडेल. माहिती अधिकाराचे अर्जही तयार आहेत, ऊर्जा विभागाला एक, हवामान खात्याला एक. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं हे त्यांना आम्ही सांगायची गरज नाही.

आता दोन शब्द आपल्याच माणसांना. बीडकडे पवनचक्की म्हटलं की आता खंडणी आठवते. आपल्याकडे तसं होऊ देऊ नका. कुणी मधला माणूस येऊन "अण्णा, तुमचं बघून घेऊ, तो रडारचा विषय सोडा" म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा आणि त्याचं येणं रजिस्टरात लिहा. सरपंचांनी आणि सदस्यांनी बंद खोलीत कुठल्याही कागदावर सही करू नये. आम्ही इकडची पोरं 30 एप्रिलच्या रात्रीच्या गाडीला बसतो आहोत, सकाळी सभेला हजर.

ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. कंपन्यांचं उत्तर त्यांच्या टेबलावर 30 एप्रिलला, कार्यालय बंद व्हायच्या आत, पोच घेऊन जमा झालेलं असलं पाहिजे.